काय निघलं जी, डॉक्टर?

तुमच्या लेकराचा पहिला पडलेला दात आज कुठे आहे, सांगू शकाल?

नाही ना? हरकत नाही. कौलावर फेकला असेल, नाहीतर उंदराच्या बिळात टाकला असेल. आमच्या झाडीपट्टीत बिळातच टाकतात. लेकरू बिळापाशी उकिडवं बसतं आणि उंदराला सांगतं, माझा जुना घे, तुझा नवा दे. उंदीर व्यवहाराला पक्का. त्यानं आजवर कोणाचा दात बुडवल्याचं ऐकिवात नाही.

पण आमच्या बेहडाटोल्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या एका पिढीचे दुधाचे दात उंदराकडे गेलेच नाहीत. ते मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत गेले. त्यात माझाही एक आहे. ते आज कुठे आहेत हे आम्ही सांगू शकत नाही, आणि ज्यांनी सांगायला हवं ते सांगत नाहीत. ज्या माणसानं ते गोळा केले त्याच्याबद्दल मी या पुस्तकात लिहिते आहे. शांतपणे लिहीन असं वचन देत नाही. शांतपणा त्यांच्याकडे होता, आणि त्याचं काय झालं ते मी पाहिलं आहे.

डॉक्टर यादवराव गजभिये १९९९ साली नोकरी सोडून गावी परत आले. आमचा टोला तिरोडा तालुक्यात, चहूकडे धानाच्या बांध्या, भाताची खाचरं. डॉक्टर परत आले म्हटल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, रांग लागली.

"पोरीले ताप हाय जी, एक सुई मारून द्या."

"बाई, मी सुईचा डॉक्टर नाही. मी मातीचा, दुधाचा डॉक्टर आहो."

"मंग आमची म्हैस तरी पाहून द्या."

त्यांनी म्हैस पाहिली. म्हशीबद्दल त्यांना काही कळत नव्हतं, हेही त्यांनी बाईला सांगितलं. जे कळत नाही ते कळत नाही म्हणून सांगणं ही त्यांची खोड होती. आमच्या भागात मोठ्या पगारावरून परतलेल्या माणसाकडून अशा सवयीची कोणी अपेक्षा करत नाही, त्यामुळे बरेच दिवस लोकांना वाटायचं की हे नोकरीतून काढलेले असावेत.

काढलं नव्हतं. अणुचाचण्यांची राख हवेतून, पावसातून, दुधातून किती उतरते हे मोठ्या शहरातल्या त्याच प्रयोगशाळेत मोजण्याचं त्यांचं काम होतं. आदल्या वर्षी आपल्या देशानं वाळवंटात बॉम्ब फोडले, तेव्हा त्यांच्या कचेरीत पेढे वाटले गेले. हा किस्सा ते स्वतः सांगत, पण एवढाच.

"हे कशाचे?" त्यांनी विचारलं.

"बॉम्ब फुटला, सर!"

"आकडे आले का?"

"कसले?"

"तिथल्या हवेचे, पाण्याचे. जवळच्या गावांतल्या दुधाचे."

"ते येतील हो सावकाश."

"मग पेढाही सावकाश खाईन."

तो पेढा त्यांनी कधीच खाल्ला नाही. वर्षभरानं राजीनामा दिला आणि गावी आले. आल्या दिवसापासून रोज एक पोस्टकार्ड लिहू लागले.

रोज म्हणजे रोज. चहाच्या आधी. मांडीवर लाकडी फळी, हातात काळ्या शाईचं पेन. कधी दिल्लीला, कधी इस्लामाबादला, कधी ज्या ज्या देशांकडे हा बॉम्ब आहे त्यांच्या प्रमुखांना, कधी वर्तमानपत्रांना, कधी सरहद्दीपलीकडच्या कुठल्याशा शाळामास्तराला. नेहमी कार्डच. लखोटा त्यांनी आयुष्यात घेतला नसावा.

माझ्या बाबांनी एकदा विचारलं, "साहेब, एवढ्या मोठ्या लोकांना उघड्या कार्डावर लिहिता? पोस्टातला शिपाईसुद्धा वाचते."

"वाचलं पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "लखोट्यातली गोष्ट दोघांची होते, प्रल्हाद. कार्डावरची गावाची होते."

आणि ती खरोखर गावाची झाली. आमचं पोस्ट म्हणजे पटले पोस्टमास्तरांच्या घरातली पुढची खोली. पटले कार्डावर शिक्का मारायच्या आधी ते उंच धरून मोठ्यानं वाचायचे. पेन्शनीला आलेले म्हातारे, मनिऑर्डर पाहायला आलेल्या बाया, सगळे ऐकायचे. इंग्रजी असलं तर डॉक्टरच अर्थ सांगायचे.

"आज कोणाले जी?" कोणीतरी विचारायचं.

"आज रशियाले," पटले सांगायचे. "उद्या अमेरिकेचा नंबर. एकाचं ऐकून दुसऱ्याले राग येऊ नये."

डॉक्टरांचे नियम ठरलेले होते. एका कार्डावर एकच प्रश्न. शिवी नाही. खाली स्वतःचं नाव आणि पूर्ण पत्ता. "प्रश्नाखाली पत्ता नसेल तर ती कुजबुज," असं ते म्हणत.

ते आले त्याच उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई पेटली. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना एकच मजकूर पाठवला: बॉम्ब दोघांकडे आहे, तो वापरणार नाही असं तुम्ही आज जाहीर कराल काय? पटल्यांनी तोही वाचून दाखवला आणि बातमी गोंदियापर्यंत गेली. एके सकाळी डॉक्टरांच्या दारावर डांबरानं मोठं 'गद्दार' लिहिलेलं होतं.

लिहिणारे कोण हे गावाला ठाऊक होतं. गोंदियाच्या चौकात पानठेल्यावर उभं राहून देश वाचवणारी ती पोरं. त्यांतल्या एकानंही कधी सरहद्द पाहिली नव्हती, आणि फौजेत भरती व्हायचाही त्यांचा विचार नव्हता. मला आजही त्यांची नावं छापावीशी वाटतात. डॉक्टरांनी दार पुसलं नाही. खडू आणला आणि त्या शब्दाखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: "लिहिणाऱ्यानं खाली नाव-पत्ता द्यावा. उत्तर देता येईल."

चौकशीला हवालदार आला, तो दार वाचून हसला. मग ओशाळून गंभीर झाला.

"साहेब, तुमी कायले लिहून राहिले असं? वरून विचारते आमाले."

"तुमच्याकडं कार्डाची नक्कल आहे का?"

"नाही."

"पटल्यांना विचारा. त्यांना पाठ आहे."

पटल्यांनी म्हणून दाखवलं. हवालदारानं ते टिपून घेतलं आणि चहा पिऊन गेला. पुढे दातांचं काम सुरू झालं तेव्हा त्याच हवालदाराकडून एक आगपेटी आली. आत कापसात त्याच्या मुलीचा दात होता.

आता दातांचं सांगते, कारण खरा राग तिथे आहे.

प्रयोगशाळेत डॉक्टरांच्या हाताखाली तयार झालेला एक माणूस आता मोठ्या जागी बसला होता. त्यानं कबूल केलं होतं: सर, तुमच्या भागातले दुधाचे दात पाठवा, आपण मोजू. डॉक्टर हरखले. त्यांनी शाळेत आया-बायांना बोलावलं. मी पहिलीत होते, पुढच्या सतरंजीवर बसले होते, आणि समोरचा दात जिभेनं हलवत होते.

"जगात कुठंही उघड्यावर बॉम्ब फुटला का त्याची राख वर जाते," डॉक्टर सांगत होते. "पावसासंगं खाली येते. गवतावर पडते. गवत म्हैस खाते, दूध लेकरू पिते. त्या राखेत एक पदार्थ असते. तो चुन्याचा सावत्र भाऊ. अंगाले वाटते चुनाच आला, अना ते त्याले हाडात-दातात बसवून घेते."

"मंग तो निघत नाही?" मागून फुलनबाईनं विचारलं. फुलनबाई गावातली सुईण. आमच्यातल्या निम्म्यांना तिनंच जगात आणलेलं.

"दात पडते तवाच हाती लागते. म्हणून दात पायजे."

"आमच्या लेकरायच्या दातात हाय का?"

"माहीत नाही. म्हणून तं मोजाचं."

"अना निघलं तं?"

"तं सांगीन."

"नाही निघलं तं?"

"तरी सांगीन, बाई. काय निघलं ते तुमच्या दारात येऊन सांगीन."

हे वचन. पुढचं सगळं या वचनावर उभं आहे.

पण फुलनबाई अजून बसली नव्हती. "दात तुमाले देलो तं उंदराले काय देऊ? नवा दात कसा येईन लेकराले?"

मास्तर खो खो हसले. विहारातले दोन कार्यकर्ते चिडले. ही अंधश्रद्धा आहे, बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढलं, वगैरे बोलू लागले. डॉक्टर हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. ते त्या कार्यकर्त्यांना म्हणाले, "बाई दात देऊन राहिली. बदल्यात काय, हे विचारण्याचा तिला हक्क आहे." मग तिला म्हणाले, "मले सुचत नाही. तुमीच सांगा."

फुलनबाईनं थोडा विचार केला. "तांदळाचा दाणा टाकू. दातावानीच दिसते. अंधारात उंदराले काय समजते?"

सभा हसून मोकळी झाली. त्या दिवसापासून आमच्या गावांत तांदूळ बिळात आणि दात डॉक्टरांकडे असा रिवाज पडला. बाबांच्या छापखान्यातल्या रद्दी पत्रकांच्या पुड्या केल्या. प्रत्येक पुडीवर लेकराचं नाव, जन्माचं साल, दूध आईचं की गाईचं की म्हशीचं. दुकारू आबा तर पळसाच्या पानात स्वतःची दाढ घेऊन आले.

"माही पण घ्या जी."

"आबा, तुमची दाढ बॉम्बाच्या आंधीची. ते निर्दोष हाय."

दुकारू आबा त्यानंतर मरेपर्यंत गावात सांगत फिरले, "सरकारी डॉक्टरनं तपासलं मले. मी निर्दोष हावो."

दोन हिवाळे दात जमा झाले. बिस्किटाच्या मोठ्या डब्यात भरून, मेणकापडात शिवून डॉक्टरांनी तो डबा पाठवला. पोच आली: नमुने मिळाले, अहवाल यथावकाश. ती पोच त्यांनी पोस्टात मोठ्यानं वाचली. फुलनबाईला 'यथावकाश'चा अर्थ विचारावा लागला. डॉक्टर म्हणाले, "लवकरच."

एवढी एकच गोष्ट त्यांनी मोजल्याशिवाय सांगितली.

माझे बाबा छापखानेवाले. गोंदियात एका बोळात त्यांचं पायानं चालवायचं यंत्र होतं. मोर्च्यांची पत्रकं, जयंतीच्या पत्रिका, संपाची आवाहनं यांवर आमचं घर चाले. माझ्या शाळेच्या पुस्तकांना वाया गेलेल्या पत्रकांची कव्हरं असत; मी 'जागे व्हा' आधी वाचायला शिकले आणि धडा नंतर. वर्ष गेलं, दुसरं गेलं, अहवाल येईना, तेव्हा बाबांच्या चळवळीतल्या मंडळींनी पत्रक काढलं. वर छपाईच्या ठळक खिळ्यांत मथळा: 'आमच्या लेकरांच्या दातांत विष!'

डॉक्टर सकाळच्या गाडीनं गोंदियाला आले. ओल्या शाईचं पत्रक हातात घेऊन त्यांनी विचारलं, "प्रल्हाद, हे कोणी मोजलं?"

"साहेब, ते लोक दडवून राहिले म्हणजे काहीतरी असनच ना!"

"दडवतात हे खरं. म्हणून विष आहे हे खरं होत नाही."

"तुमच्या 'माहीत नाही'वर मोर्चा निघत नाही, डॉक्टर!" बाबा ओरडले. यंत्र थांबलं होतं. "लोकायले काहीतरी ठोस पायजे."

"अन उद्या मोजून काहीच नाही निघालं तर? परवा खरं विष आलं तरी तुमच्या मागं कोणी येणार नाही."

दोघं तासभर भांडले. शेवटी बाबांनी रागारागानं मथळ्याचे खिळे उपसले आणि नवे जुळवले: 'आमच्या लेकरांच्या दातांत काय आहे? सांगा!' ते पत्रक देवरीच्या बाजारापर्यंत पोचलं. बाबा मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की पहिल्या मथळ्यावर दहा गावं रस्त्यावर आली असती.

मी तेव्हा बाबांच्या बाजूनं होते. खरं सांगायचं तर अजूनही अर्धी आहे. डॉक्टर बरोबर होते, आणि त्यांच्या खरेपणाचा त्या लोकांनी पुरेपूर फायदा घेतला. जो माणूस शिवी देत नाही, खोटं बोलत नाही, मथळा फुगवत नाही, त्याचं कार्ड टोपलीत टाकायला काहीच लागत नाही. रोज एक कार्ड! वर्षानुवर्षं! कुठल्याशा कारकुनानं ती नुसती एकावर एक रचली असती तरी त्याला पलीकडचा साहेब दिसेनासा झाला असता.

त्यांच्या घरापासून पोस्टाला जायला सरळ वाट आहे, तलावाच्या पाळीवरून. डॉक्टर त्या वाटेनं कधी गेले नाहीत. ते उलट्या बाजूनं, गावाला वळसा घालून, फुलनबाईच्या दारावरून जात. ती दारात तांदूळ निवडत बसलेली असे. मान वर न करता विचारी,

"काय निघलं जी, डॉक्टर?"

"नाही आलं अजून, बाई."

"बरं."

एवढंच. रोज. पावसात छत्री धरून, उन्हाळ्यात डोक्याला पंचा बांधून ते त्या दारावरून जात आणि हा प्रश्न अंगावर घेत. मी कॉलेजात गेल्यावर एकदा त्यांच्यावर चिडले. म्हटलं, "डॉक्टर, कायले जाता तिकडून? तुमी तर काही दडवलं नाही. तुमाले कायची शिक्षा?"

ते म्हणाले, "शिक्षा नाही ग. तिनं विचारलं नाही तर मी उद्याचं कार्ड लिहिणार नाही. माणूस आळशी असतो."

त्या हाताखालच्या माणसानं पहिली दोन वर्षं उत्तरं दिली. यंत्र नादुरुस्त आहे. निधी नाही. मग वरिष्ठांकडे मत मागवलं आहे. मग तो आणखी मोठ्या जागी गेला आणि उत्तरं बंद झाली. माहिती अधिकाराचा कायदा आला तेव्हा डॉक्टरांनी त्याखाली अर्ज केला. त्याच्याही मजकुराची, लोक हसले तरी, नक्कल आधी कार्डावर लिहून पटल्यांकडून वाचून घेतली. नकार आला. त्यावर अपील, अपिलावर अपील. याच काळात तिरोड्याकडे विजेच्या कारखान्याच्या चिमण्या उभ्या राहिल्या, बिरसीच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालू लागली. जिल्हा पुढे चालला होता. पटले निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या पोरानं कार्डं वाचायचं नाकारलं, म्हणाला नियमात बसत नाही. मग पटले पेन्शनर म्हणून बाहेर, आपल्याच घराच्या पायरीवर बसून वाचू लागले.

शेवटी उत्तर आलं. मी त्या दिवशी गावात होते, म्हणून ही माझ्याजवळची त्यांची शेवटची आठवण आहे.

लखोटा होता. डॉक्टरांनी तो सपरीतच फोडला, वाचला आणि माझ्या हातात दिला. दोन ओळी: सदर नमुन्यांचे विश्लेषण झालेले नसून अभिलेखागाराच्या स्थलांतरानंतर ते आढळून येत नाहीत. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

मोजलेच नव्हते. एवढी वर्षं तो डबा कुठल्यातरी कपाटात पडून राहिला, आणि कपाट हलवताना कोणीतरी तो हरवून टाकला. एका पिढीची लेकरं, त्यांची नावं, त्यांच्या आयांनी उंदराशी केलेला करार, सगळं बिस्किटाच्या डब्यासकट. मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही.  डॉक्टर चपला घालून निघाले. त्यांचं चालणं तेव्हा फार हळू झालं होतं, दम लागायचा. मी मागे गेले.

फुलनबाई दारात होती. तिचे स्वतःचे दात आता संपले होते. तिनं मान वर केली नाही.

"काय निघलं जी, डॉक्टर?"

डॉक्टर उभे राहिले. वरून बिरसीचं एक छोटं विमान घरघरत गेलं. 

"हारपवले, बाई. मोजले पण नाही."

फुलनबाईनं सूप बाजूला ठेवलं. पहिल्यांदाच तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती बोळकं पसरून हसली, पण ते हसू पाहून मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"उंदीर बरा जी," ती म्हणाली. "आपण त्याले फसवलं, तांदूळ देला. तरी त्यानं दात देले. साऱ्या लेकरायले देले."

डॉक्टर तिच्या पायरीवर बसले. खिशातून दुसऱ्या दिवसासाठीचं कोरं कार्ड काढलं, फळी नव्हती म्हणून तिचं सूप पालथं करून त्यावर ठेवलं आणि लिहिलं. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं:

"आमच्या गावची सुईण फुलनबाई म्हणते, तुमच्यापेक्षा उंदीर बरा. तिला मी काय उत्तर देऊ?"

"माहं नाव लिवलं?" तिनं विचारलं.

"लिहिलं."

"पत्ता?"

"तोही."

"मंग टाका."

आम्ही पोस्टापर्यंत गेलो. पायरीवर पटल्यांनी ते कार्ड वाचायला घेतलं आणि 'उंदीर बरा'पर्यंत वाचून डॉक्टरांपुढे धरलं. उरलेलं डॉक्टरांनी स्वतः म्हटलं. मग कार्ड पेटीत टाकलं, पेटीवर दोनदा हात थोपटला, आणि त्या दमलेल्या पावलांनी गावाला वळसा घालूनच घरी गेले. महिन्याभरात ते वारले. दुसऱ्याच दिवसापासून हात चालत नव्हता. ते कार्ड शेवटचं ठरलं. त्याला आजवर उत्तर आलेलं नाही.

शोकसभेला प्रयोगशाळेतून शोकसंदेश आला: थोर शास्त्रज्ञ, मोठी हानी. बाबांनी तो मंचावर वाचू दिला नाही.

फुलनबाई अजून आहे. अजून दारात बसते. आता ती ये-जा करणाऱ्या कोणालाही विचारते, काय निघलं जी? पोरं हसतात. त्यांना वाटतं म्हातारी भ्रमिष्ट झाली. ती भ्रमिष्ट नाही. गावात तेवढी एकच व्यक्ती शुद्धीवर आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. उद्या सकाळी, चहाच्या आधी, एक पोस्टकार्ड घ्या. लखोटा नको. त्या प्रयोगशाळेचा पत्ता या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापला आहे. एकच मजकूर लिहा: बेहडाटोल्याच्या लेकरांचे दात शोधा, मोजा, आणि काय निघालं ते फुलनबाईला तिच्या दारात जाऊन सांगा. खाली तुमचं नाव लिहा, पूर्ण पत्ता लिहा. शिवी लिहू नका. मला लिहावीशी वाटते, पण डॉक्टरांना चालणार नाही. आणि पेटीत टाकण्याआधी ते कार्ड कोणालातरी मोठ्यानं वाचून दाखवा.